ओपनबीएसडीसाठी सेकंडहँड थिंकपॅड टी४८०: काय बघून घ्यावा, काय बदलावं

निकाल आधीच सांगतो. ओपनबीएसडी ही सुरक्षेवर भर देणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम रोजच्या कामासाठी चालवायची आहे, बजेट आटोपशीर आहे आणि स्क्रूड्रायव्हर धरायची तयारी आहे, तर २०१८ चा लेनोवो थिंकपॅड टी४८० आजही घेण्यासारखा आहे. डोळे झाकून मात्र घेऊ नये. हा माल बहुतेक कंपन्यांच्या लीजमधून सुटलेला असतो आणि एकाच नावाखाली पाचपन्नास वेगवेगळ्या जोडण्या विकायला येतात. त्यातली कुठली चालेल हे वरच्या स्टिकरवर कळत नाही, आतल्या चिपांवर कळतं.

विंडोजला सरावलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. तिथे काही चाललं नाही की कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवायचा आणि मोकळं व्हायचं. ओपनबीएसडीत तो रस्ताच नाही. १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडी या तशाच प्रणालीच्या प्रकल्पापासून फुटून हा प्रकल्प सुरू केला. ज्याचा सोर्स बघता येत नाही असा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, घ्यायचा नाही, ही त्याची जुनी भूमिका आहे. सगळे ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. चिप ओळखली तर काहीही न करता चालते, नाही ओळखली तर दुसरी चिप बसवणं हाच उपाय. एनव्हिडियाच्या कार्डांचं घोडं इथेच पेंड खातं. चिप स्वतः चालवण्यासाठी लागणारा फर्मवेअर हा अपवाद आहे: वाटपाची परवानगी असेल तर तो प्रकल्पाच्या सर्व्हरवरून वेगळा उतरवता येतो.

म्हणूनच टी४८० चा खरा गुण त्याचा वेग नाही. नको असलेला भाग काढून दुसरा लावता येतो, हा आहे. रॅमचे दोन स्लॉट, दोन्हींतल्या कांड्या बदलता येतात, सोल्डर केलेलं काही नाही. वायफाय कार्ड वेगळं. डिस्क वेगळी. बाहेरची बॅटरी खटका सरकवून निघते. नंतरच्या बारीक, देखण्या मॉडेलांत यातलं एकेक बोर्डावर कायमचं बसत गेलं.

घेताना आठव्या पिढीचा आय५-८२५०यू किंवा ८३५०यू बघावा. आय७ मध्येही चारच कोर असतात, त्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ओपनबीएसडी सुरक्षेच्या कारणावरून २०१८ च्या ६.४ आवृत्तीपासून हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरकडून एकदम दोन कामं (थ्रेड) करवण्याची सोय, बंद ठेवते. आठ थ्रेडऐवजी चारच कोर दिसतील. प्रोसेसर बिघडलाय असं समजून दुकानदाराशी वाद घालू नये. सिसकंट्रोलमध्ये (कर्नेलच्या किमती वाचणारी-बदलणारी कमांड) एचडब्ल्यू डॉट एसएमटी ही किंमत १ केली की बाकीचे चार उठतात, पण ती बंद का ठेवली आहे हे समजून घेऊनच चालू करावी.

ग्राफिक्स फक्त इंटेलचं, यूएचडी ६२०, हवं. टी४८० चा एक प्रकार एनव्हिडिया एमएक्स१५० घेऊन येतो आणि दुकानात तोच 'ग्राफिक्सवाला' म्हणून दोन पैसे जास्त लावून विकतात. ओपनबीएसडीत ती चिप पडून राहते. स्क्रीन इंटेलच चालवतं, आणि एनव्हिडियाला झोपवायला ड्रायव्हर नसल्यामुळे ती उगाच बॅटरी खाण्याची शक्यता असते. म्हणजे ज्यासाठी पैसे जास्त दिले त्याचाच तोटा. तो प्रकार सोडून द्यावा.

स्क्रीनच्या बाबतीत कंजूषपणा नको. कंपन्यांनी घाऊक घेतलेल्या बऱ्याच मशीनवर १३६६ बाय ७६८ चं टीएन पॅनेल असतं. फिकट, आणि जरा बाजूने बघितलं की रंग उलटे. १९२० बाय १०८० चं आयपीएस पॅनेल असलेलं मशीन शोधावं. नाहीच मिळालं तर पॅनेल बदलता येतं: एचडी आणि फुल एचडी दोन्ही ३० पिनच्या केबलवर चालतात, त्यामुळे केबल बदलावी लागत नाही. २५६० बाय १४४० साठी मात्र ४० पिनची केबल लागते.

आता वायफाय. पश्चात्तापाची सर्वाधिक प्रकरणं इथली, म्हणून इथे जरा थांबू.

टी४८० मध्ये सहसा इंटेलचं ८२६५ कार्ड असतं. ओपनबीएसडीचा आयडब्ल्यूएम नावाचा ड्रायव्हर ते चालवतो. ७.१ आवृत्तीपासून ८०२.११एसीचा वेगही मिळतो. हे कार्ड असेल तर बदलायच्या भानगडीत पडू नये. बदलायचंच असेल तर ९२६० घ्यावं, ते आयडब्ल्यूएमवरच चालतं. एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेतलं तर ते आयडब्ल्यूएक्स या ड्रायव्हरवर चालेल.

खरेदीतला सापळा इथेच आहे. ९५६०, एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं दिसायला अगदी तशीच, त्याच एम-टू स्लॉटात बसणारी, वर किमतीला थोडी स्वस्त. ओपनबीएसडीच्या यादीतही ती आहेत, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण ती सीएनव्हीआय जातीची आहेत: रेडिओचा अर्धा भागच कार्डावर असतो, उरलेला प्रोसेसरच्या चिपसेटमध्ये. टी४८० च्या चिपसेटमध्ये तो अर्धा भाग नाही. कार्ड बसतं, स्क्रू लागतो, अँटेनाही लागतात, आणि मशीनला काही दिसत नाही. दोष ना ड्रायव्हरचा ना कार्डाचा. बाजारात मागताना 'इंटेलचं वायफाय कार्ड द्या' असं मोघम मागू नये, नंबर सांगावा.

अँटेनाची पिन हा दुसरा बारकावा. एम-टू कार्डांवर एमएचएफ४ नावाचं बारीक कनेक्टर असतं. एक्स२२० च्या जमान्यातल्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डांवर त्याहून मोठं यू डॉट एफएल होतं. जुन्या मशीनची अँटेना इकडे बसवायला गेलात तर बसणार नाही, जोर लावलात तर कार्डावरची पिन जाईल.

दुसऱ्या लॅपटॉपांत भेटणारी नावंही लक्षात ठेवावीत. रिअलटेकची आरटीएल८८२१सीई आणि ८८२२बीई ही कार्डं चालत नाहीत. स्वस्त मालिकांत, थिंकपॅडच्याच ई मालिकेतही, ती सापडतात. क्वालकॉम अथेरॉसची क्यूसीए९३७७ आणि ६१७४ चालत नाहीत. ब्रॉडकॉममध्ये काही फुलमॅक (वायफायचं बरंचसं काम स्वतःच करणाऱ्या) चिपा बीडब्ल्यूएफएम ड्रायव्हरवर चालतात, पण जुन्या मॅकबुकांतली बीसीएम४३६० चालत नाही. मॅकबुक स्वस्तात मिळतंय म्हणून ओपनबीएसडीसाठी घेणाऱ्याने हे आधी बघावं.

यूएसबी डोंगलच्या बाबतीत खोक्यावरचं नाव बिनकामाचं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे प्रसिद्ध उदाहरण आहे. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयू आली. खोकं तेच, नाव तेच, फक्त मागच्या स्टिकरवर आवृत्तीचा आकडा वेगळा. सुदैवाने दोन्ही चालतात, पण वेगवेगळ्या ड्रायव्हरवर. अथेरॉस एटीएचएनवर, रिअलटेक यूआरटीडब्ल्यूएनवर.

चिप ओळखायची कशी? दुकानातल्या मशीनवर विंडोज चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हेन (कंपनी) आणि डेव्ह (चिप) असे दोन आकडे दिसतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. टी४८० वर ८०८६ च्या पुढे २४एफडी दिसलं की ते ८२६५ कार्ड, काम झालं. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि कुठल्याही दुकानदाराची हरकत नसते. मग ओपनबीएसडीच्या वेबसाइटवर त्या ड्रायव्हरचं मॅन्युअल पान उघडायचं. प्रत्येक पानावर कुठल्या चिपा चालतात याची यादी असते, आणि ती यादी खरी असते. 'लिनक्सवर चालतं' या वाक्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

यापेक्षा पक्की तपासणी म्हणजे सोबत पेनड्राइव्ह नेणं. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह नव्हे. बहुतेक जण इन्स्टॉलर बूट करतात, शेलमध्ये जाऊन डीमेसेज, म्हणजे बूट होताना कर्नेलने छापलेल्या ओळी, बघतात आणि साउंड कार्डापुढे 'नॉट कॉन्फिगर्ड' दिसलं की घाबरतात. इन्स्टॉलरचं कर्नेल मुद्दाम छोटं ठेवलेलं असतं. त्यात ऑडिओ आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हरच नसतात, त्यामुळे चालणारी चिपही तिथे अनाथ दिसते. त्याऐवजी घरच्या मशीनवर १६ किंवा ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पूर्ण ओपनबीएसडी इन्स्टॉल करावी. पेनड्राइव्ह हीच डिस्क म्हणून निवडायची, आणि निवडताना घरच्या मशीनची डिस्क पुसली जाणार नाही ना, हे दोनदा बघायचं. मग एफडब्ल्यू-अपडेट ही कमांड सगळे फर्मवेअर उतरवण्याच्या पर्यायासह चालवायची. आता हा पेनड्राइव्ह कुठल्याही थिंकपॅडवर एफ१२ दाबून बूट करता येतो. त्याआधी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावा लागतो, कारण ओपनबीएसडीला तो चालत नाही.

बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये काय शोधायचं? टी४८० वर आयडब्ल्यूएम०, ईएम०, अझालिया०, इंटेलडीआरएम० आणि एनव्हीएमई० किंवा एएचसीआय० ही नावं आली की वायफाय, लॅन, आवाज, ग्राफिक्स आणि डिस्क हे पाचही मार्गी लागले. 'नॉट कॉन्फिगर्ड' असलेल्या ओळी वाचाव्यात, पण प्रत्येकीने दचकू नये. चिपसेटचे काही कोपरे असेच राहतात आणि त्यांच्यावाचून काही अडत नाही. यूजेन या नावाकडेही लक्ष द्यावं. यूएसबीवर काहीतरी आहे, पण त्याला कुणी वाली नाही, असा त्याचा अर्थ. टी४८० वर अशा दोन ओळी सहसा येतात: एक इंटेलच्या ब्लूटूथची, दुसरी सिनॅप्टिक्स कंपनीच्या ००९ए या क्रमांकाची. ही दुसरी म्हणजे फिंगरप्रिंट रीडर. दोन्ही चालत नाहीत, चालणार नाहीत. त्यावरून भाव पाडून मिळत असेल तर पाडावा.

पेनड्राइव्हवरून एक चाचणी मात्र करू नये, ती म्हणजे सस्पेंड. ओपनबीएसडी सस्पेंड करताना यूएसबीची साधनं सोडून देते आणि जागी झाल्यावर पुन्हा पकडते. मूळ फाइलसिस्टीमच यूएसबीवर असेल तर पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं होतं. मशीन लटकतं, आणि दोष निष्कारण लॅपटॉपवर येतो. ही चाचणी आतल्या डिस्कवर इन्स्टॉल केल्यावरच करायची. म्हणून निदान काही दिवसांची परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, तोंडी 'टेस्टिंग वॉरंटी'ला पुढे कुणी विचारत नाही.

दुकानात ओपनबीएसडीशी संबंध नसलेल्या पण पैसे बुडवणाऱ्या दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, बटणाएवढी बॅटरी काढून जात नाही. कंपनीकडे अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड बदलणं. पासवर्ड आहे म्हणजे सिक्युअर बूट बंद करता येणार नाही, म्हणजे ओपनबीएसडी बूटच होणार नाही. 'कधी लागतच नाही हो तो' असं दुकानदार म्हणेल. तुम्हाला लागतो.

दुसरी, थंडरबोल्ट. या पिढीच्या थिंकपॅडांत थंडरबोल्ट नियंत्रकाच्या फर्मवेअरमध्ये दोष होता. तो आपल्या फ्लॅशमध्ये सतत लिहीत राहायचा आणि शेवटी यूएसबी-सी पोर्ट निकामी व्हायचा. लेनोवोने २०१९ मध्ये सुधारित फर्मवेअर काढला. तो विंडोजवरून चढवता येतो, ओपनबीएसडीवरून नाही. तेव्हा घरी आणल्या-आणल्या विंडोज पुसायची घाई करू नका. आधी बायोस आणि थंडरबोल्टचा फर्मवेअर अद्ययावत करा, मग डिस्क साफ करा. दुकानात दोन्ही सी पोर्टांवर चार्जर लावून बघा, दोन्हींवर चार्ज व्हायला हवं. प्लग किंचित हलवल्यावर चार्जिंग तुटत असेल तर सोल्डर सैल झालाय.

बॅटरी दोन: आत २४ वॉटतासांची, बाहेर २४, ४८ किंवा ७२ वॉटतासांची. त्याच पेनड्राइव्हवरून सिसकंट्रोलमध्ये एसीपीआय-बॅट० आणि बॅट१ चे सेन्सर वाचले की 'लास्ट फुल कपॅसिटी' (आता उरलेली क्षमता) आणि 'डिझाइन कपॅसिटी' (मूळची क्षमता) दोन्ही दिसतात. २४ पैकी १० उरले असतील तर बॅटरीचा खर्च किमतीतून वजा धरावा. बाहेरची बदलायला सेकंदही लागत नाहीत. आतलीसाठी खालचं झाकण उघडावं लागतं. ते उघडण्यापूर्वी बायोसमधल्या पॉवर विभागात 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' करून घ्यावं, नाहीतर आत वीज खेळती असताना काम केल्यासारखं होईल. झाकणाचे स्क्रू सैल होतात पण बाहेर पडत नाहीत. कडांच्या क्लिपा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने हळूहळू सोडवाव्यात, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नयेत.

इन्स्टॉलेशनमध्ये कोंबडी आधी की अंडं आधी, असा एक प्रश्न येतो. वायफायचा फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये नसतो, तो इंटरनेटवरून येतो, आणि इंटरनेटला वायफाय हवं. टी४८० वर ही अडचण लॅन पोर्टमुळे सुटते: इंटेलचा आय२१९ ईएम ड्रायव्हरवर फर्मवेअरशिवाय चालतो, राउटरमधून केबल लावली की झालं. केबल नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करावं, फोन यूआरएनडीआयएस म्हणून नेटवर्क कार्डासारखा दिसतो. तेही नसेल तर दुसऱ्या मशीनवर तुमच्या आवृत्तीचा आयडब्ल्यूएमचा फर्मवेअर पेनड्राइव्हवर उतरवून एफडब्ल्यू-अपडेटला त्या फोल्डरचा पत्ता द्यावा. आवृत्ती चुकवू नये. लॅन पोर्ट नसलेलं मशीन घेणाऱ्यांनी रिअलटेक ८१५३ चिपचा यूएसबी-लॅन अडॅप्टर जवळ ठेवावा. तो यूआरई ड्रायव्हरवर चालतो.

डिस्कची जागा अडीच इंचाची आहे. सेकंडहँड मशीनमध्ये तिथे साटा एसएसडी असू शकते. एनव्हीएमई लावायची तर वेगळी केबल आणि एम-टूचं खोबणीदार ब्रॅकेट लागतं. डिस्क घेतली आणि ब्रॅकेट विसरलं, असं बऱ्याचदा होतं. तिथे पीसीआय एक्स्प्रेसच्या दोनच लेन मिळतात, त्यामुळे महागडी वेगवान डिस्क घेऊन उपयोग नाही. शिवाय ओपनबीएसडीची एफएफएस फाइलसिस्टीम ट्रिम करत नाही, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवत नाही. म्हणून नामवंत कंपनीची मधली एसएसडी घ्यावी आणि शेवटची थोडी जागा विभाजन न करता मोकळी सोडावी. ७.३ पासून इन्स्टॉलरच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची का, हे विचारतो. लॅपटॉपवर 'हो' म्हणावं. प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना आहेत, वेगात फारसा फरक जाणवत नाही. एफएफएसला जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नाही. वीज अचानक गेली तर पुढच्या बूटला एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीमची तपासणी, होणार. लॅपटॉपला बॅटरीचा आधार आहे, पण डेस्कटॉपवाल्यांनी, विशेषतः लोडशेडिंगच्या भागात, यूपीएसशिवाय ओपनबीएसडी चालवू नये.

रॅम १६ जीबी ठेवावी, ८ च्या दोन कांड्या. पण रॅम भरपूर असूनही ब्राउझर अचानक बंद पडतो, ही नव्या माणसाची ठरलेली तक्रार असते आणि तिचं कारण हार्डवेअरमध्ये नसतं. लॉगिन डॉट कॉन्फ या फाइलमध्ये प्रत्येक वर्गाच्या वापरकर्त्याला प्रोसेसमागे मेमरीची मर्यादा घालून दिलेली असते. आपल्या खात्याला स्टाफ वर्गात घालावं आणि त्या वर्गाची डेटासाइझ वाढवावी. यावर उपाय म्हणून आणखी मोठ्या कांड्या विकत आणणाऱ्याला काय म्हणावं!

सस्पेंड हा टी४८० चा जमेचा भाग. या मशीनमध्ये जुनी एस३ निद्रा आहे, म्हणजे फक्त रॅम जागी राहते आणि बाकी सगळं झोपतं. एपीएमडी सेवा चालू केली की झाकण मिटलं की झोप, उघडलं की जाग. हायबरनेटही होतं, फक्त स्वॅप विभाग रॅमएवढा तरी हवा. त्याच वर्षीचा एक्स१ कार्बन सहावा आला तेव्हा त्यात एस३ नव्हती. नंतरच्या बायोसमध्ये स्लीप स्टेटचा 'लिनक्स' हा पर्याय आला, तो निवडावा लागतो. त्याची रॅमही सोल्डर केलेली, जास्तीत जास्त १६ जीबी, आणि लॅनला वेगळा अडॅप्टर. हलका आहे, सुंदर आहे, पण या कामाला टी४८० च बरा. टी४८०एस मध्यम मार्गी: रॅमचा एक भाग सोल्डर, एक स्लॉट मोकळा, बॅटरी एकच आणि आतली. एक्स२२०, एक्स२३० यांचे चाहते अजून आहेत आणि कीबोर्डसाठी त्यांना मान द्यावाच लागतो. पण त्यांच्या बायोसमध्ये वायफाय कार्डांची पांढरी यादी असते, यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही.

कॅमेरा आणि माइक चालतात, पण सुरुवातीला चित्र काळं आणि आवाज शून्य मिळतो. बिघाड नाही. रेकॉर्डिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, सिसकंट्रोलमध्ये कर्न डॉट ऑडिओ डॉट रेकॉर्ड आणि कर्न डॉट व्हिडिओ डॉट रेकॉर्ड १ केलं की चालू होतं. ब्लूटूथ मात्र खरोखरच नाही. त्याचा कोड २०१४ मध्येच काढून टाकला गेला आणि परत आलेला नाही. ब्लूटूथ हेडफोन हवेच असतील तर स्वतःच जोडणी सांभाळणारा आणि संगणकाला साधं यूएसबी साउंड कार्ड वाटणारा डोंगल घ्यावा, क्रिएटिव्हचा बीटी-डब्ल्यू३ त्या जातीचा. संगणकाकडून ब्लूटूथ स्टॅक मागणारे नेहमीचे छोटे डोंगल म्हणजे फुकट गेलेले पैसे.

असेंबल्ड डेस्कटॉपबद्दल दोन शब्द. आपल्याकडे गेमिंगच्या नादाने एफ अक्षराचे इंटेल प्रोसेसर, जसा आय५-१२४००एफ, सर्रास सुचवतात. त्यात ग्राफिक्स नसतं. मग कार्ड लागतं, आणि दुकानदार एनव्हिडियाच देतो. एफ नसलेला घ्यावा, किंवा रायझनमध्ये ५६०० ऐवजी ५६००जी. वेगळं कार्ड हवंच तर एएमडी रेडिऑन. बोर्डावरची लॅन रिअलटेक ८१११ असो वा ८१२५, दोन्ही चालतात. बोर्डावरच्या वायफायसाठी जादा पैसे देऊ नयेत. डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी (इंटेलच्या डिस्क हाताळण्याच्या पद्धती) चालू आहे का ते बघावं, ते बंद करून एएचसीआय करावं. डेल लॅटिट्यूडमध्ये हीच गोष्ट 'रेड ऑन' या नावाने चालू ठेवलेली आढळते.

डॉक घेणार असाल तर डिस्प्लेलिंक (यूएसबीवरून स्क्रीन चालवणारी चिप) लिहिलेला टाळा. ओपनबीएसडीचा यूडीएल ड्रायव्हर फक्त यूएसबी २ च्या जमान्यातल्या जुन्या डिस्प्लेलिंक चिपा ओळखतो. टी४८० च्या बाजूने सरकून बसणारे थिंकपॅड बेसिक, प्रो आणि अल्ट्रा डॉक हे साधे आणि भरवशाचे. तळाला बसणारे जुन्या मॉडेलांचे डॉक याला लागत नाहीत, नावं सारखीच असल्याने चित्र बघून घ्यावं. साधा सी-ते-एचडीएमआय अडॅप्टरही चालतो.

शेवटी ज्यांची रोजीरोटी कागदपत्रांवर आहे त्यांच्यासाठी. डिजिटल सहीच्या टोकनसोबत येणारं सॉफ्टवेअर ओपनबीएसडीवर चालत नाही. लिनक्सची बायनरी चालवण्याची सोय २०१६ मध्ये ६.० आवृत्तीत काढली गेली, त्यामुळे 'लिनक्सचं आहे' म्हणूनही भागत नाही. व्हिडिओचं कुलूप उघडणारं वाइडवाइन नसल्याने नेटफ्लिक्सही नाही. सह्या आणि सिनेमे दुसऱ्या मशीनवर. प्रिंटरचंही तसंच: झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसणारा कॅनन एलबीपी२९०० कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो, आणि तिचा कॅननने दिलेला ड्रायव्हर इथे नाही. नवा घेताना खोक्यावर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल लिहिलेलं आणि लॅनची जोडणी असलेला लेझर प्रिंटर घ्यावा. 'होस्ट बेस्ड' लिहिलेला स्वस्त पडतो, पण या मशीनला तो जोडून उपयोग नाही.